नळाचं पंचांग

लातूरमधल्या एका ख्रिस्ती घराच्या भिंतीवर दोन दिनदर्शिका टांगलेल्या आहेत. पहिली मंडळीची. तिच्यात झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानाचा रविवार आणि पेंटेकॉस्ट लाल शाईत आहेत. दुसरी कालनिर्णय, कारण रोहिणी कधी लागते आणि मिरग कधी निघतो हे पहिलीत सापडत नाही. तिसरं पंचांग कुणी छापत नाही. ते घरच्या वहिनींच्या डोक्यात असतं आणि त्याच्यापुढं पहिल्या दोन्हींचं काही चालत नाही. ते नळाचं. लातूरच्या नळाला आठवड्यानं पाणी येणं ही वर्षानुवर्षांची रीत. त्यामुळं लग्न असो, रंगकाम असो की मंडळीची सभा, तारीख सांगितली की वहिनी क्षणभर डोळे मिटतात. पाहुण्यांना वाटतं, प्रार्थना करताहेत. त्या नळाची पाळी मोजत असतात.

वहिनींचे यजमान सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. सगळी मंडळी त्यांना दादा म्हणते. निवृत्त माणसाला उन्हाळ्यात आराम असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी दादांची एप्रिलमधली वही पाहावी. एका पानावर कुंड्या, दुसऱ्यावर घर, तिसऱ्यावर मंडळी. तिन्ही पानांवर कामं मार्चपासून साचलेली आणि तिन्ही पानांना पाणी लागणार एकाच हौदातलं.

दादांची थोरली बहीण नांदेडला असते. ती अक्का. रोज सकाळी फोन येतो.

"काय करायलास रे?"

"झाडाला पाणी घालायलो, अक्का."

"कोणतं पाणी?"

हा प्रश्न पुण्या-मुंबईत कुणी विचारणार नाही. लातूरात तो रास्त आहे, कारण उत्तरं बरीच आहेत: नळाचं, बोअरचं, टँकरचं, तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, कूलरमधून गळलेलं. यातलं नळाचं पाणी झाडाला घातलं असं दादांनी कबूल केलं, तर वहिनींच्या आधी अक्काच रागावते. तिच्या गावाला गोदावरी आहे, विष्णुपुरीचं धरण आहे. तरी लातूरचं पाणी कसं वापरावं याचा सल्ला नांदेडहून रोज फुकट येतो.

नांदेड आणि लातूरचं हे असंच. दोन्ही जिल्ह्यांनी राज्याला दोन-दोन मुख्यमंत्री दिले: नांदेडनं शंकरराव आणि अशोक चव्हाण, लातूरनं शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. त्यामुळं फोनवरच्या भांडणात गुण बरोबरीत सुटतात. 2009 साली नवं विभागीय आयुक्तालय नांदेडला करायचं ठरलं, तेव्हा लातूर रस्त्यावर उतरलं होतं. त्या काळात भावा-बहिणीच्या फोनवर आयुक्तालयाचा विषय वर्ज्य होता. हवामान, तब्येत आणि बायबल एवढंच बोलायचं. कॅथलिकांचं बरं आहे. त्यांचा औरंगाबाद धर्मप्रांत 1977 साली झाला आणि त्यात नांदेड-लातूर दोन्ही आले. मुख्यालय तिसऱ्याच गावी ठेवलं की दोघांनाही तक्रारीला जागा उरत नाही. दादा आणि अक्का प्रॉटेस्टंट. त्यांना ही सोय नाही.

झाडांचं पान वहीत पहिलं, म्हणून झाडांपासून सुरुवात.

लातूरची काळी माती शेतात सोनं, कुंडीत संकट. पाणी घातलं की फुगते, चिकट होऊन मुळांचा श्वास कोंडते; ऊन लागलं की आक्रसते आणि तिला अशा भेगा पडतात की कुंडीत ठेवलेला चमचा तळाशी सापडतो. म्हणून दर उन्हाळ्यात दादा तांबड्या मातीचं पोतं आणतात, त्यात शेणखत आणि थोडी वाळू मिसळतात आणि गच्चीवर हिरव्या जाळीखाली संसार मांडतात. मोगरा, जास्वंद, गवती चहा, कोरफड, सदाफुली. सदाफुलीवर त्यांचा विशेष जीव, कारण ती मादागास्करहून आली आणि मराठवाड्यात इतकी रमली की एप्रिलच्या उन्हातही तिची तक्रार नाही. कढीपत्त्याला मात्र रोज ताक लागतं. घरातल्या माणसांना ताक कमी पडलं तर चालतं.

कोथिंबिरीचा प्रश्न अब्रूचा. लातूरच्या कास्ती कोथिंबिरीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. सोबत पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळही. म्हणजे वरणासाठी डाळ, आंबटाला चिंच आणि वरून कोथिंबीर, एका आमटीचा जवळपास सगळा ऐवज सरकारदरबारी नोंदला गेला. दादांनी त्याच आठवड्यात अक्काला फोन करून बातमी वाचून दाखवली. अक्का म्हणाली, "आणि तुझ्या गच्चीवरची?" गच्चीवरची कोथिंबीर बोटभर वाढून फुलावर आली होती. उन्हाळ्यात कोथिंबीर तेच करते; मानांकनाचा तिच्यावर परिणाम होत नाही.

दारातलं लिंबू हे त्याहून जुनं दुखणं. झाड डोक्याएवढं, पानं तुकतुकीत, काटे भरपूर, फळ शून्य. ते काढून तिथं टाकी बसवावी असं वहिनींचं म्हणणं. दादांनी लूकचं शुभवर्तमान काढलं. तेराव्या अध्यायात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे: मालक तीन वर्षं फळ शोधतो, झाड तोडायला सांगतो आणि माळी विनवतो की आणखी एक वर्ष राहू द्या, आळं करून खत घालून बघतो. दादांनी दर उन्हाळ्यात हीच मुदतवाढ मिळवली. पाळकसाहेबांनी एकदा हळूच सांगितलं की त्या दाखल्यात मुदत एकदाच मागितलेली आहे. दादांनी त्यांना लिंबाचं सरबत पाजलं. लिंबू बाजारातलं होतं.

बागकाम रविवारी करावं की नाही, यावरही भावा-बहिणीचं एकमत नाही. उपासनेच्या आधी मातीत हात घालू नये असं दादांचं मत. अक्का योहानाचा विसावा अध्याय सांगते. पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालिया मरीयेला येशू भेटला, तर तिला तो माळीच वाटला. "म्हणजे रविवारी पहाटे बागेत माळी असणं त्या काळी कुणाला खटकत नव्हतं," असा अक्काचा निष्कर्ष. दादांकडे याला उत्तर नाही. मग ते विल्यम कॅरीकडे वळतात. कॅरी मूळचा इंग्लंडातला जोडे शिवणारा कारागीर. बंगालात श्रीरामपूरला बसून त्यानं वैजनाथ पंडितांच्या मदतीनं 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं, 1810 साली कोश काढला, 1811 साली मराठी नवा करार बाहेर आला. आणि हे सगळं करून त्यानं स्वतःची मोठी बाग फुलवली, 1820 साली शेती आणि बागकामाची संस्थाही काढली. बायबल आणि बाग एकाच माणसाला साधते, हे दादांनी एकदा कौतुकानं वहिनींना सांगितलं. वहिनी पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "त्याच्या दाराशी हुगळी होती."

घराच्या पानावर पहिली ओळ दरवर्षी एकच असते: भेगा.

काळी माती घराखालीही तीच. पावसाळ्यात फुगून घर उचलते, मेमध्ये आक्रसून सोडून देते. कोपऱ्यातली भेग एप्रिलात केसाएवढी, मेअखेर पेन्सिलीएवढी. मिस्त्री येतो, बोट फिरवतो, "काही नाही, पुट्टी भरू" म्हणतो आणि उद्या येतो. मराठवाड्यातल्या मिस्त्रीचा उद्या कुठल्याच दिनदर्शिकेत नाही. तो आला तर गिलाव्यावर मारायला पाणी नसतं. पाणी आलं तर मिस्त्री लग्नाला गेलेला असतो. दोघांची गाठ पडली तो दिवस वहिनी वहीत लिहून ठेवतात.

लातूरकर भेगेकडे मात्र निव्वळ थट्टेनं बघत नाहीत. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला, त्यात दगड-मातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरची मातीची माळवदं हजारो माणसांवर कोसळली. उन्हाळ्यात थंड राहणारं ते घर रात्रीत वैरी झालं. तेव्हापासून या भागात घर बांधताना शेजारी सळईचा हिशेब विचारतो आणि म्हातारी माणसं पत्र्याखाली घामाघूम होतात पण माळवदाचं नाव काढत नाहीत. दादाही पुट्टी भरण्याआधी प्रत्येक भेग आडवी आहे की तिरपी हे बघतात. या एका कामात ते मिस्त्रीला घाई करू देत नाहीत.

गच्चीला चुना मारायचं काम त्या मानानं आनंदाचं. चुन्यात थोडा फेविकॉल कालवून दोन हात दिले की गच्ची पांढरीशुभ्र होते, ऊन परतवते आणि खालच्या खोल्या खरोखर निवतात. फक्त दुपारी वर गेलं की डोळे दिपतात. कुंड्यांतल्या झाडांना तर खालून आणि वरून असं दुहेरी ऊन मिळतं. घराचं पान झाडांच्या पानाशी भांडतं ते इथं.

दुसरं भांडण कूलरचं. मराठवाड्याची कोरडी हवा कूलरला मानवते. ओल्या गवतातून वारा आला की पाणी उडतं आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. पण हे उडणारं पाणी येतं हौदातूनच. साधा कूलर दिवसाला पंचवीस-तीस लिटर सहज पितो, मोगरा, जास्वंद आणि गवती चहा मिळूनही पीत नाहीत इतकं. त्यामुळं दुपारी दोन वाजता दादांसमोर रोज नैतिक पेच असतो: आपण वाळायचं की झाडांनी. बहुतेकदा झाडं वाळतात आणि संध्याकाळी दादा त्यांची माफी मागतात. नांदेडला पारा चव्वेचाळीसच्या वर गेला की अक्काचाही हाच पेच, फक्त ती तो गोदावरीच्या नावावर सोडवते.

मंडळीचं पान शेवटचं, पण लांबीला सगळ्यांत मोठं. इथली ख्रिस्ती वस्ती थोडी, मंडळी लहान. त्यामुळं कामं तेवढीच आणि माणसं कमी. दादा सेक्रेटरी आहेत, हार्मोनियमही तेच वाजवतात आणि दिव्याचं बिलही तेच भरून येतात. झावळ्यांच्या रविवारी समुद्रकाठच्या मंडळ्यांना नारळाच्या झावळ्या मिळतात. इथं तरुण संघाची पोरं शिंदीच्या फांद्या शोधत ओढ्याओढ्यानं फिरतात आणि हाताला काटे भरवून येतात. मिरवणूक निघते ती उन्हाच्या आधी. शुक्रवारी क्रूसावरच्या सात वचनांची तीन तासांची उपासना भर दुपारी बारा ते तीन. पंखे गरम हवा फिरवतात. सातवं वचन ज्या वक्त्याला मिळतं, त्याचं भाषण सगळ्यांत छोटं असावं अशी मंडळीची मूक इच्छा असते आणि ती क्वचितच पुरी होते.

अक्काच्या नांदेडात तेलंगण हाकेवर, त्यामुळं तिच्याकडं तेलुगू गाणीही कानावर येतात. दादांच्या मंडळीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं, तबला आणि झांज. टिळक 1919 सालच्या 9 मेला गेले, म्हणजे भर उन्हाळ्यात. त्या सुमाराच्या रविवारी दादा त्यांचीच पदं लावतात.

मे उजाडला की मुलांची सुट्टीतली बायबल शाळा. पोरं तिला व्हीबीएस म्हणतात. 1898 साली न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज नावाच्या बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी असा वर्ग काढला, तेव्हा त्यांना जागा मिळाली ती भाड्याच्या बीअर हॉलची. पाळकसाहेब ही गोष्ट दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी भगिनी मंडळाच्या अध्यक्षा "हे मुलांपुढं कशाला?" म्हणतात. इथला वर्ग सकाळी सात ते दहा. अभिनयगीतं, वचनपाठ आणि रसना. साठ पोरांना रसना करायचं तर पाणी लागतं, म्हणून वर्गाची तारीखही शेवटी वहिनींकडून येते. नोहाची गोष्ट सांगताना शिक्षिका विचारतात, "चाळीस दिवस पाऊस पडला तर काय होईल?" लातूरची पोरं एका सुरात ओरडतात, "टाकी भरंल!"

लग्नंही मेमध्येच. ख्रिस्ती लग्नाची घोषणा आधी तीन रविवार उपासनेत वाचली जाते, कुणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून. आजवर हरकत कुणी घेतली नाही. एकदा मागच्या बाकावरून "त्या दिवशी टँकर सांगितलाय का?" एवढंच विचारलं गेलं.

पाण्याचा हा सगळा विनोद 2016 साली गिळून बसावा लागला होता. मांजरा धरण कोरडं पडलं. सुमारे 224 दशलक्ष घनमीटरांचं ते धरण, त्याच्या तळाला भेगाळलेला गाळ. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती कलम 144 लागलं. पाच माणसं एकत्र आली की गुन्हा, आणि नळावर पाचपेक्षा कमी बायका लातूरनं कधी पाहिल्या नव्हत्या. त्याच महिन्याच्या 27 तारखेला ईस्टर होतं. उपासनेनंतरचा चहा त्या वर्षी रद्द झाला. सणाला चहा नाही म्हणजे काय हे ज्याला कळतं, त्याला दुष्काळ कळला.

मग मिरजेहून रेल्वेनं पाणी निघालं आणि 12 एप्रिलच्या पहाटे लातूरात पोचलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींच्या गाडीतून एका फेरीत पंचवीस लाख. 'जलदूत' असं तिचं नाव. ऑगस्टपर्यंत शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या आणि पंचवीस कोटी लिटरांहून अधिक पाणी आलं. गंमत अशी की हा मार्ग जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं सुरू केलेली ती अडीच फुटी रुळांची छोटी गाडी 1911 साली लातूरला पोचली आणि 1927 साली तिचं दुसरं टोक मिरजेला लागलं. रूळ रुंद व्हायला पुढं एकविसावं शतक उजाडलं. ते झाले नसते तर पाण्याची ती लांबलचक गाडी आलीच नसती. मिरजेचं नाव ख्रिस्ती घरांत आधीपासून ओळखीचं, डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली उभ्या केलेल्या मिशन हॉस्पिटलमुळं. "मिरजेनं आधी औषध पाठवलं, आता पाणी," असं अक्का म्हणाली. त्या उन्हाळ्यात तिनं लातूरला एकही सल्ला दिला नाही. तिच्या भावाला गाडीपेक्षा याचंच जास्त आश्चर्य वाटलं.

दादांची जवळजवळ सगळी झाडं त्या वर्षी गेली. वाचली ती कोरफड, सदाफुली आणि दारातलं फळ न देणारं लिंबू.

परवाच्या उन्हाळ्यात मंडळीच्या सभेपुढं विषय होता: वर्गणी जमली आहे, तर प्रार्थनामंदिराला रंग द्यायचा की छताला डांबर मारायचं? रंग बाहेरून दिसतो, डांबर दिसत नाही. शिवाय रंगासाठी देणगी देणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिता येतात. छतावर जाऊन कोण वाचणार? अडीच तास चर्चा झाली. दादांनी इतिवृत्तात "साधकबाधक" हा शब्द चार वेळा लिहिला. ठरलं रंगाचं. रंग फिका पिवळा की मोतिया यावर पुढची सभा झाली, तीही अडीच तास. पेंटर नळाच्या दिवशीच आला, हे वहिनींचं श्रेय. मेअखेर मंदिर मोतिया रंगात उभं राहिलं आणि पाळकसाहेबांनी समोर उभं राहून फोटो काढला.

मिरग यंदा वेळेवर निघाला. पहिल्याच पावसात काळी माती फुगली, दादांच्या घराची भेग आपोआप मिटली आणि मिटताना तिनं भरलेली पुट्टी बाहेर ढकलून दिली. दमट हवेत कूलर निकामी झाला म्हणून माळ्यावर गेला. अक्का नांदेडहून अर्धापुरी केळीचे कंद घेऊन आली. पाणी पिण्यात केळीचा हात कूलरही धरणार नाही हे सांगून झाल्यावर दादांनी ते मोरीच्या पाण्यावर लावले.

रविवारी उपासनेच्या मधोमध मोतिया छतातून धार लागली, नेमकी हार्मोनियमवर. दादांनी वाजवतच ती फूटभर सरकवली. वहिनींनी मागच्या खोलीतून बादली आणून धारेखाली ठेवली. पाळकसाहेबांनी परिस्थिती बघून प्रार्थना सुरू केली: डांबराचं काम होईस्तोवर प्रभूनं चार दिवस उघडीप द्यावी. मंडळीनं डोळे मिटले होते, पण प्रार्थना संपली तरी आमेन कुणी म्हणेना. लातूरात पाऊस थांबव म्हणून मागणं कुणाच्या तोंडून निघतं? पाळकसाहेबांनी एक डोळा उघडून पाहिलं. शेवटी नांदेडची पाहुणी म्हणून अक्कानं एकटीनं खणखणीत आमेन म्हटलं आणि सगळ्या मंडळीनं तिच्याकडं वळून बघितलं.

उपासना संपली तेव्हा बादली काठोकाठ भरली होती. ती कुणाच्या कुंड्यांना घालायची यावर भगिनी मंडळात मतभेद झाले आणि विषय पुढच्या सभेपुढं ठेवायचं ठरलं.